पैलवान, महापौर, गव्हर्नर: मिनेसोटाचा जेसी व्हेंच्युरा

मिसिसिपीकाठी

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की खेळाडू निवडून आला तर पुढे नेमकं करतो काय. संसदेत मागच्या बाकावर बसून येणारे आपल्याला पाठ आहेत, ते सोडा. आधी गाव आणि मग राज्य हातात आलेला एक पैलवान मी जरा जवळून पाहिलाय. जवळून म्हणजे त्याच्या राज्यात राहून कर भरलाय, एवढंच.

१९९८ च्या जूनमध्ये, वायटूकेच्या (२००० साल लागताना संगणक गडबडतील या भीतीच्या) लाटेत, कोबोल या जुन्या संगणकभाषेच्या जोरावर मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला येऊन पडलो. ऑफिसात शेजारच्या खुराड्यात पंचविशीतला एक गोरा पोरगा बसायचा, टेस्टिंगवाला. ३ नोव्हेंबरला जेवणाच्या सुट्टीत तो गायब झाला आणि तासाभराने शर्टावर ‘मी मत दिलं’ असा स्टिकर लावून परत आला. कुणाला दिलंस म्हटलं तर म्हणाला, ‘द बॉडी’ला. मला वाटलं थट्टा करतोय. आयुष्यातलं पहिलंच मत होतं त्याचं, आणि मतदारयादीत नावसुद्धा त्याच दिवशी, मतदानकेंद्रावरच घातलं होतं.

रात्री आकडे लागले. जेसी व्हेंच्युरा, म्हणजेच ‘द बॉडी’, रिफॉर्म नावाचा छोटा तिसरा पक्ष, ३७ टक्के. रिपब्लिकन नॉर्म कोलमन ३४. डेमोक्रॅट स्किप हम्फ्री २८. दुसऱ्या दिवशी ऑफिसात निम्मे लोक खुशीत आणि निम्मे सुतकात.

माणूस कोण? खरं नाव जेम्स जानोस, १९५१ चा, मिनियापोलिसचाच. नौदलात पाणबुड्या सैनिक, मग व्यावसायिक कुस्ती. गळ्यात पिसांचा हार, गुलाबी-जांभळे कपडे, कायम खलनायकाची भूमिका. १९८४ मध्ये फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि रिंगणातलं काम जवळजवळ संपलं. मग समालोचक झाला, सिनेमात छोट्या भूमिका केल्या, पुढे रेडिओवर गप्पांचा कार्यक्रम.

राजकारण सुरू झालं ते ब्रुकलिन पार्कात. मिनियापोलिसला चिकटून असलेलं उपनगर, तेव्हा वस्ती पन्नास-साठ हजारांची. त्याच्या घराजवळच्या दलदलीत भराव टाकून प्लॉट पाडायचे, आणि त्यासाठी लागणाऱ्या गटारांचा नि रस्त्यांच्या कडांचा खर्च आसपासच्या घरमालकांच्या माथी मारायचा, असा घाट होता. आपल्याकडचा विकास आराखडा ज्यांनी वाचलाय त्यांना वेगळं सांगायला नको. लोक अर्ज घेऊन नगरपरिषदेत गेले, परिषदेने दाद दिली नाही. हा चिडला आणि १९९० मध्ये वर्षानुवर्षे खुर्चीत बसलेल्या महापौराविरुद्ध उभा राहिला. जिंकला. १९९१ ते ९५ महापौर.

आता गंमत बघा. त्या गावात महापौराला सातांतलं एक मत. बाकी सहा जण बहुतेक जुन्या कंपूतले. म्हणजे खुर्ची मिळाली, पण ठराव मंजूर करून घेता येईनात. पुढे राज्यात जे व्हायचं होतं त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची.

उरलेलं उद्या लिहितो, इथे रात्रीचे दोन वाजलेत.

निवांत

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडीसाखर

आमच्या लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीच्या मल्लांचे पत्ते होते. उंची, वजन, छाती, दंड, लढती किती, जिंकल्या किती. चौथीत ‘रँक एक’चा पत्ता मी दोन खोडरबरांवर विकला होता. हा बाबा त्या पत्त्यांत असल्याचं काही आठवत नाही.

एक शंका. राज्यपालाला एवढं काय महत्त्व? आपल्याकडे तर फिती कापतात नि शपथ देतात.

मिसिसिपीकाठी

@खडीसाखर, पत्ते आपल्याकडे आले तोवर तो रिंगणातून उतरलेला होता. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. मराठी पेपरवाले गव्हर्नरला राज्यपाल लिहितात आणि सगळा घोळ तिथे होतो. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा. थेट जनतेतून निवडलेला, त्यामुळे आमदार फुटले तरी सरकार पडत नाही. पण त्याच कारणामुळे सभागृहात बहुमत असेलच असंही नाही. याचं तर एकही माणूस सभागृहात नव्हतं. एकही नाही! प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे, सिनेट डेमोक्रॅटांकडे आणि वर हा.

आरपार

माफ करा, पण याला खेळाडू कशाला म्हणायचं? ती कुस्ती आधीच ठरलेली असते. कोण पडणार, कोण उठणार सगळं लिहून. मारुती माने, गणपतराव आंदळकर यांच्या पंगतीत असल्या पिसं लावलेल्या नटाला बसवू नका. नट राजकारणात येतात, त्यातलाच हा एक.

कृष्णाकाठ

आरपार भौ, निकाल ठरलेला असतो हे कबूल. पण सव्वाशे किलोचा गडी डोक्यावरून आपटला की पाठ ठरवून वाचत नाही. तालमीत जाऊन एकदा नुसती ढाक लावून घ्या, मग बोलू.

मिसिसिपीकाठी

मला तो वाद मिटवायचा नाही. पण एक गोष्ट त्याच्या बाजूची. १९८६ मध्ये, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या तोंडावर, त्याने पैलवानांची संघटना उभी करायचा प्रयत्न केला होता. या मल्लांना ना आजारपणाचा विमा, ना पेन्शन. रस्त्याने गाडी हाकत गावोगाव फिरायचं आणि मोडलेला खांदा स्वतःच्या पैशाने बसवून घ्यायचा. बातमी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकापर्यंत गेली आणि संघटना तिथेच मेली. कुणी सांगितली? पुढे त्याने कंपनीवर व्हिडिओ कॅसेटच्या मानधनासाठी दावा लावला. तेव्हाच्या साक्षीत बाहेर आलं की तिथल्याच बड्या मल्लाने, हल्क होगनने. दावा मात्र जिंकला, आठ लाखांच्या वर डॉलर मिळाले.

तेव्हा नट म्हणा, पैलवान म्हणा, भांडायची खोड राजकारणाआधीपासूनची.

कृष्णाकाठ

आता धाग्यात थोडं आमच्याकडचं टाकतो. सांगलीत बसून पैलवान आणि निवडणूक या विषयावर गप्प राहणं जमायचं नाही.

२०२४ च्या लोकसभेला डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील उभे होते, ठाकरेंच्या शिवसेनेची मशाल घेऊन. त्याआधी जिल्हा परिषदेत होते. म्हणजे गडी अगदीच नवखा नव्हता. त्यांच्या भाळवणीतल्या बैलगाडा शर्यतीला मी स्वतः गेलोय. गाडी दोन किलोमीटर अलीकडे लावून चालत जावं लागलं. धुरळ्याने शर्टाचा रंग बदलला, आणि माणूस किती म्हणाल तर जत्रेला लाजवील. आणि मतं? ६०,८६०. डिपॉझिट गेलं.

निवडून कोण आलं? वसंतदादांचे नातू विशाल पाटील. काँग्रेसचे असून अपक्ष, लिफाफा चिन्ह, भाजपच्या संजयकाकांवर लाखभराचं लीड. कोल्हापूर काँग्रेसला गेलं म्हणून सेनेने सांगली मागितली. वरच्या लोकांनी वर वाटून घेतलं, पैलवान मधल्या मधे चितपट. गावात लोक स्पष्ट सांगायचे, ‘पैलवान चांगलाय ओ, पण यंदा लिफाफा.’ वर्षभराने पैलवान शिंद्यांच्या सेनेत गेले.

त्यामुळे मिनेसोटाचं वाचून मला खरा प्रश्न पडला तो हा, की तिथे फडावरची गर्दी मतपेटीत कशी काय उतरली?

सातारी_कंदी

कृष्णाकाठ, संभाजी आप्पांना विसरलात होय?

कृष्णाकाठ

विसरेन कसा! मुद्दाम मागे ठेवले होते. बिजली मल्ल संभाजी पवार. वसंतदादा राजस्थानचे राज्यपाल झाले, सांगलीची जागा मोकळी झाली, आणि १९८६ च्या पोटनिवडणुकीत दादांच्या घरातल्या विष्णूअण्णांना या पैलवानाने आस्मान दाखवलं. दादांच्या सांगलीत! माझे वडील तेव्हाचं सांगताना अजून आवाज चढवतात. पुढे आप्पा एकूण चार वेळा आमदार, सुरुवातीला जनता पक्ष-जनता दल आणि शेवटची खेप भाजपकडून. २०२१ मध्ये गेले.

फरक माझ्या मते इतकाच की आप्पा निवडणुकीच्या साली पैलवान म्हणून आले नव्हते. शहरात कुणाचं काय अडलंय, त्याच्यासाठी ते वर्षाचे बारा महिने रस्त्यावर. पैलवानकी ही त्यांची ओळख होती, मतं त्या कामाला पडली.

मिसिसिपीकाठी

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नासाठीच खरं तर हा धागा काढला. ‘तो प्रसिद्ध होता म्हणून जिंकला’ असं जगभरच्या पेपरांनी लिहिलं आणि विषय संपवला. मला ते कधीच पटलं नाही. प्रसिद्ध लोक ढिगाने पडतात. आपला विनोद कांबळी २००९ ला विक्रोळीत उभा होता, काय झालं माहीतच आहे.

मिनेसोटात दार आधीपासून किलकिलं होतं, हा फक्त आत शिरला.

पहिलं म्हणजे पैसा. रिफॉर्म पक्षाच्या डीन बार्कलीने १९९४ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत पाच टक्क्यांच्या वर मतं घेतली होती. तेवढ्यावर पक्षाला तिथे ‘प्रमुख पक्ष’ हा दर्जा मिळाला, आणि त्या दर्जासोबत राज्याचं निवडणूक अनुदान. अनुदान नंतर हाती येतं, प्रचार आधी करावा लागतो. म्हणून अनुदान तारण ठेवून कर्ज मागितलं. बऱ्याच बँकांनी हाकललं, शेवटी एका बँकेने दिलं. शिवाय राज्याची आणखी एक योजना होती, उमेदवाराला पन्नास डॉलर वर्गणी द्या, राज्य तुम्हाला पन्नास डॉलर परत देणार. म्हणजे कारखानदार पाठीशी नसला तरी माझ्या खुराड्याशेजारचा पोरगा देणगीदार होऊ शकत होता.

दुसरं, वादसभा. हम्फ्रीच्या गोटाचा हिशेब असा होता की पैलवान कोलमनची मतं खाईल, म्हणून त्यालाही व्यासपीठावर बसवा असा त्यांचाच आग्रह. ते दोघे आकडेवारी सांगत एकमेकांना ओरबाडायचे आणि हा खर्जातल्या आवाजात म्हणायचा की याचं उत्तर मला माहीत नाही, बघून सांगतो. ‘माहीत नाही’ म्हणणारा उमेदवार लोकांनी कधी पाहिलाच नव्हता.

आणि घराणेशाहीबद्दल बोलायचं तर अमेरिका काही कमी नाही. हम्फ्री म्हणजे माजी उपराष्ट्राध्यक्षाचा मुलगा. त्या साली डेमोक्रॅटांच्या उमेदवारीसाठी भांडणाऱ्यांत दुसऱ्या एका माजी उपराष्ट्राध्यक्षाचा, मॉन्डेलचा मुलगा होता, एका माजी गव्हर्नरचा मुलगा होता, आणि एका मोठ्या दुकानसाखळीचा वारसदारही. सांगलीवाल्यांना परकं वाटायचं कारण नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, त्याच दिवशी नावनोंदणी. यावर इथे राहणारी एक जाणकार लिहू शकेल. @हिमगौरी, आहेस का?

हिमगौरी

आहे आहे, पोळ्या करत होते.

मी १९९८ मध्ये इथे नव्हते, पण गेल्या काही निवडणुकांत मतदानकेंद्रावर काम केलंय. इथे ते सामान्य नागरिकच करतात, दिवसाचे थोडे पैसे मिळतात. माझ्याकडे नावनोंदणीचं टेबल असतं. १९७४ पासून ही पद्धत आहे. ओळखपत्रावर जुना पत्ता असला तर सोबत नव्या पत्त्याचं वीजबिल चालतं. काहीच नसेल तर त्याच प्रभागातल्या मतदाराने शपथेवर लिहून द्यायचं की हा इथेच राहतो. मागच्या खेपेला एक मुलगा आला, पिझ्झाच्या दुकानाचा गणवेश अंगात, हाताला पीठ तसंच. कागद काही नाही. मागे रांगेत त्याच्या इमारतीतल्या आजी होत्या, त्या पुढे आल्या, चष्मा शोधला, सही केली. सात-आठ मिनिटांत तो आत. फॉर्मवर पिठाचा अंगठा उमटला होता, तसाच जमा केला.

पुण्यात आमच्या सोसायटीत माझ्या सासऱ्यांचं नाव यादीतून गळलं होतं तेव्हा मतदानाच्या दिवशी करण्यासारखं काहीच नव्हतं. बूट घालून तयार होते, परत काढून बसले.

मिसिसिपीकाठी

धन्यवाद गं. तर १९९८ ला या टेबलांवर त्या एका दिवसात तीन लाखांच्या वर नावं नोंदली गेली. व्हेंच्युराचं लीड साठ हजारांच्या आतबाहेर. आता जोडा.

शेवटचे तीन दिवस तो मोटारघर घेऊन राज्यभर फिरला, अखंड. दूरदर्शनवरची जाहिरात म्हणाल तर दोन पोरं त्याचं बाहुलं घेऊन खेळतायत, समोर दलाल-लॉबीवाल्याचं बाहुलं, नि त्यांची मारामारी. बस्स. ज्यांना जनमत चाचणीवाले मोजतच नव्हते, कारण त्यांची नावंच यादीत नव्हती, ते लोक उठून आले.

आरपार

ठीक आहे, आला. केलं काय? आमच्या आठवणीत तर गव्हर्नर असताना कुस्तीत पंच म्हणून उभा राहिला होता.

मिसिसिपीकाठी

राहिला होता. ऑगस्ट १९९९, मिनियापोलिसच्याच टार्गेट सेंटरमध्ये. चार वर्षांच्या कारभारात त्याचं सगळ्यात जास्त नुकसान असल्याच गोष्टींनी केलं. २००१ ला तर एका नव्या फुटबॉल लीगचं टीव्हीवर समालोचन करायला लागला. विधिमंडळ चालू, अंदाजपत्रक अडकलेलं आणि मुख्यमंत्री शनिवारी रात्री मैदानावर. मी त्याचा चाहता असूनही म्हणतो, हे अति होतं. पत्रकारांशी तर विस्तव जात नव्हता. त्यांना ओळखपत्रं काढून दिली त्यावर ‘अधिकृत कोल्हा’ असं छापून!

पण काम केलं नाही म्हणाल तर नाही पटणार. पहिल्याच निवडी बघा. उपगव्हर्नर मे शंक, प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. खात्यांवर दोन्ही पक्षांतली कामाची माणसं शोधून नेमली, कारण सोयरेधायरे बसवायला याच्याकडे पक्षच नव्हता. तिजोरीत शिल्लक होती, ती तीन वर्षं लोकांना विक्रीकराचा परतावा म्हणून वाटली. पहिल्या वर्षीच सव्वा अब्ज डॉलरच्या वर. लोक त्याला ‘जेसीचा चेक’ म्हणायचे. नंतरच्या एका वर्षी मलाही आला. व्हिसावरचा कोबोलवाला असूनही राज्याने आपण होऊन पैसे परत पाठवले याचं इतकं अप्रूप की चेकची झेरॉक्स काढून कराडला पाठवली. वडिलांचं उत्तर आलं, ‘जपून खर्च कर, परत मागतील.’

वडील तसे बरोबर निघाले. २००१ च्या मंदीत तिजोरी आटली, २००२ मध्ये मोठी तूट. याने करवाढीसकट उपाय मांडले. दोन्ही पक्षांनी निवडणुकीच्या वर्षात त्यांना हात लावायचा नाही म्हणून आपलं वेगळं जुळवलं, याने नकाराधिकार वापरला, आणि दोन्ही सभागृहांनी मिळून तो उलटवला. ब्रुकलिन पार्कातलं ते सातांतलं एक मत आठवा. राज्यात तेही नाही.

टिकलेलं काम दोन जागी दिसतं. एक, २००१ ची मालमत्ता कराची फेररचना. शाळांच्या मूळ खर्चाचा जो भार गावोगावच्या घरपट्टीवर होता तो राज्याने उचलला. रुक्ष विषय आहे, इथे ताणत नाही, पण मिनेसोटात घर असलेल्या माणसाला विचारा. दुसरं, मिनियापोलिसची लाइट रेल. वीसेक वर्षं नुसत्या अहवालात अडकलेली. रिपब्लिकनांचा कडाडून विरोध. याने १९९९ ला पैसे मंजूर करून घेतले, २००४ ला धावली, तोवर हा घरी बसलेला. आता तिला ब्लू लाइन म्हणतात.

सातारी_कंदी

दुसऱ्यांदा का नाही उभा राहिला मग?

मिसिसिपीकाठी

जून २००२ मध्ये सांगितलं, आता नाही. मुलाच्या पार्ट्यांवर बातम्या आल्या होत्या, घरच्यांना ओढता म्हणून भडकला होता. ते खरंही असेल. पण माझ्या मते पक्ष बांधायचा त्याला कंटाळा होता. राष्ट्रीय रिफॉर्म पक्षाशी २००० मध्येच फारकत घेतली, राज्यात इंडिपेन्डन्स पार्टी असं नाव केलं. पण तालुका-तालुक्यात माणसं उभी करणं, त्यांच्या सभेला जाणं, पडलेल्याच्या खांद्यावर हात ठेवणं, यातलं फारसं काही केलं नाही. कृष्णाकाठांनी संभाजी आप्पांचं जे सांगितलं, ते बारा महिने रस्त्यावर असणं, ते इथे नव्हतं. हा एकट्याची कुस्ती लढणारा. टॅग टीम त्याला जमलीच नाही म्हणा.

कृष्णाकाठ

म्हणजे तुमच्याकडे दार सोपं आणि आत घर रिकामं. आमच्याकडे घर भरलेलं, पण दाराला कारखाना, बँक, शिक्षणसंस्था अशी तीन कुलपं.

आरपार

कृष्णाकाठ, वाक्य चांगलं आहे, पण आप्पांनी कुलपं फोडली ना? मग कुलपांवर ढकलू नका. चंद्रहार पैलवानाला त्या साली दुसऱ्याच्या भांडणात उतरवलं, हे तुम्हीच वर लिहिलंत.

कृष्णाकाठ

हे मात्र मान्य. पॉइंट तुमचा.

निवांत

सध्या काय करतो हा गृहस्थ?

हिमगौरी

पंचाहत्तरीकडे झुकलाय, पण बोलणं तेच. २०२३ मध्ये गव्हर्नर वॉल्झनी गांजा कायदेशीर केला त्या सहीच्या वेळी शेजारी उभा होता. त्याच्या बायकोला फेफऱ्याचा त्रास, त्यावर तिला गांजाचा गुण आला, म्हणून त्यासाठी तो वर्षानुवर्षे बोलत होता. इथल्या मंडळाच्या गणपतीत नव्या पोरांना मी विचारलं, व्हेंच्युरा माहीत आहे का, तर एकाला फक्त सिनेमातला माहीत.

मिसिसिपीकाठी

माझ्या घरात त्याची आठवण वेगळ्या कारणाने निघते. इथे गाडीच्या नंबरप्लेटवर दरवर्षी नवा स्टिकर चिकटवावा लागतो, टॅब म्हणतात. पूर्वी भारी गाडीला शेकडो डॉलर पडायचे. याची स्वतःची पोर्शे होती, त्यामुळे कळकळ अस्सल! २००० मध्ये मर्यादा घातली. दुसऱ्या वर्षी जास्तीत जास्त १८९, तिसऱ्यापासून ९९. २००८ च्या कायद्याने नव्या गाड्यांची ती सवलत गेली, आधी नोंदलेल्या जुन्यांची राहिली.

आमची कॅमरी २००६ ची. दार खालून गंजलंय, हिटर मनाला आलं तर चालतो. विकू या म्हटलं की मी टॅबचं कारण पुढे करतो. बायको म्हणते, या वयाच्या गाडीला तसेही कमीच पडतात, तुझा तो पैलवान आता पुरे.